बाथरूममधले बारा शतांश

रविवारी सकाळी सव्वासात वाजता विमा कंपनीचे हेडक्लार्क आपल्या घरच्या बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या टाइल्सच्या चार उभ्या रांगांना पिवळा रंग दिला. मग तो ओला असतानाच वरच्या तीन आडव्या रांगांना निळा दिला. पावणेआठला त्यांच्या पत्नी टॉवेल, साबण आणि गरम पाण्याची अपेक्षा घेऊन दारात आल्या.

"हे काय?"

"शून्य पॉइंट चार गुणिले शून्य पॉइंट तीन."

"आणि माझी आंघोळ?"

 हेडक्लार्कांच्या उजव्या भुवईवर निळा ठिपका होता आणि हातातला ब्रश गळत होता. "अगं, हात लावू नकोस, ओलं आहे," एवढंच ते म्हणाले. बाथरूममध्ये कोरडं काही असावं अशी अपेक्षा त्या घरात यापूर्वी कोणी केली नव्हती.

हे प्रकरण सुरू झालं होतं गुरुवारी, चाचणीचे पेपर घरी आले तेव्हा. हेडक्लार्कांच्या मुलीला घरात वकीलबाई म्हणत. कारण उघड होतं. 'का' हा शब्द तिच्या तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा सदा असायचा. दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात वकीलबाई साफ आपटल्या होत्या. ०.४ × ०.३ याचं उत्तर त्यांनी १.२ लिहिलं होतं आणि बाईंनी त्यावर अशी फुली मारली होती की मागच्या पानावरही ती वाचता येत होती. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी फेरचाचणी होती. त्यात नापास होणाऱ्यांना मधल्या सुट्टीत जादा तासाला बसावं लागणार होतं, आणि मधली सुट्टी ही वकीलबाईंच्या मते शाळेतली एकमेव उपयुक्त गोष्ट होती.

"सोपं आहे," हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाले होते. कंपनीत आकड्यांचा घोळ झाला की सगळे त्यांच्याच टेबलाशी येत. "पॉइंट आहेत हे आधी विसरून जा. चार त्रिक?"

"बारा."

"आता दोन्ही संख्यांमध्ये पॉइंटच्या उजवीकडे किती अंक आहेत ते मोज. इथे एक, तिथे एक. दोन. मग उत्तरात उजवीकडून दोन घरं सोडून पॉइंट दे. पॉइंट एक दोन. झालं."

"दोनच घरं का?"

"मोजलीस ना आत्ता?"

"मोजली. पण बेरजेत पॉइंट सरळ खाली येतो. इथे का नाही येत? आणि गुणल्यावर वाढतं ना? चाराचे बारा होतात. मग पॉइंट चारचं पॉइंट एक दोन कसं? हे तर कमी झालं."

"ते तसंच असतं."

"तसंच का असतं?"

हेडक्लार्कांनी चष्मा पुन्हा पुसला. मग पाणी प्यायले. मग घड्याळाकडे पाहून "झोपा आता" म्हणाले. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. वकीलबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे त्यांनी आईला हलक्या आवाजात जो निकाल ऐकवला तो मधल्या पातळ भिंतीतून हेडक्लार्कांच्या कानी पडला.

"आई, बाबांना येत नाही. नुसतं पाठ आहे."

हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. शुक्रवारी ते ऑफिसात तीनदा खुर्चीवरून उठले आणि का उठलो ते न आठवून तीनदा बसले. दुपारी एका विमेदाराच्या कागदावर त्यांनी सही करण्याऐवजी ०.४ लिहिलं. शनिवारी ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी पत्नी म्हणाल्या, "चालायचंच आहे तर जाऊन सुतार तरी घेऊन या. बाथरूमचं दार फुगलंय, कडी हातात येते. सहा महिने सांगतेय." हेडक्लार्कांनी मान हलवली. ती होकाराची होती की पॉइंट चारची, हे कळायला मार्ग नाही.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना ही बातमी जिन्यातच मिळाली. ते पूर्वी पूल बांधत. आता सल्ले देत, आणि त्यांचे सल्ले पुलांपेक्षा लांब असत.

"चूक तुमच्या मांडणीत आहे, हेडक्लार्कसाहेब. आधी अंदाज! गुणाकार करण्यापूर्वी उत्तर साधारण कुठे पडणार ते ठरवायचं. पॉइंट चार म्हणजे जवळजवळ अर्धं. पॉइंट तीनचं अर्धं म्हणजे पॉइंट एक पाच. तेव्हा उत्तर त्याच्या आसपासच. एक पॉइंट दोन येईलच कसं?"

"पण ती विचारते, दोन घरं का."

"तिला म्हणावं, अंदाज कर."

"'का'चा अंदाज?"

"मुलीला फार लाडावलंय तुम्ही," इंजिनिअरसाहेब म्हणाले आणि वर निघून गेले.

शोध लागला तो रविवारी सकाळी, दाढी करताना. आरशात मागची भिंत दिसत होती. गालावर अर्धा साबण तसाच ठेवून हेडक्लार्क वळले आणि मोजू लागले. आडव्या दहा, उभ्या दहा. शंभर टाइल्स! इतकी वर्षं ते रोज सकाळी एका पूर्णांकासमोर आंघोळ करत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. अख्खी भिंत म्हणजे एक. एक उभी रांग म्हणजे एक दशांश. चार उभ्या रांगा पिवळ्या, तीन आडव्या निळ्या. जिथे दोन्ही रंग एकावर एक येतील तिथे हिरवा. हिरव्या टाइल्स बारा, शंभरातल्या बारा, म्हणजेच पॉइंट एक दोन. 'का' भिंतीवर लिहिलेलं होतं, फक्त रंगवायचं राहिलं होतं. अर्ध्या दाढीनिशी त्यांनी माळ्यावरून रंगपुडीचे डबे काढले. दुकानदाराने कधीकाळी "एका फडक्यात निघतो" असं सांगून ते दिले होते. टाइलवरून तो खरोखर निघतो. टाइल्समधल्या सिमेंटच्या रेघांबद्दल दुकानदार काही बोलला नव्हता.

पत्नींची समजूत काढून झाल्यावर (ती निघाली नाही, हे नोंदवलेलं बरं) वकीलबाईंना पाचारण करण्यात आलं. त्या दारात उभ्या राहिल्या. डोळे बारीक झाले. ओठ हलू लागले. दहा, अकरा, बारा.

"अय्या, बाबा! बाराच आहेत!"

हेडक्लार्कांनी गुरुवारनंतर पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"पण ही काय?" वकीलबाई गीझरच्या पाइपमागे वाकल्या. "इथे अजून एक रांग आहे. अर्ध्या अर्ध्या टाइल्सची."

होती. गवंड्याने कोपऱ्यात जागा भरायला टाइल्स उभ्या कापून अर्ध्या अर्ध्या बसवल्या होत्या. भिंत दहा टाइल्सची नव्हती, साडेदहांची होती.

"ती धरायची नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"का?"

उत्तरादाखल त्यांनी पाइपला एक मोठा टॉवेल लटकवला. अर्धी रांग झाकली गेली. वकीलबाईंनी आधी टॉवेलकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे.

"म्हणजे जे जमतं तेवढंच मोजायचं?" असं म्हणून त्या दात घासायला स्वयंपाकघरात गेल्या. निकाल कायम राहिला होता.

इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण दुखावलेला माणूस साक्षीदार शोधतो. सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी हेडक्लार्कांनी गणिताच्या बाईंना गाठून भिंतीचं वर्णन ऐकवलं, टॉवेल वगळून. बाईंचे डोळे चमकले. वर्गातल्या बहुतेकांनी १.२ लिहिलं होतं. फळ्यावर चौकोन काढून त्या कंटाळल्या होत्या. त्यांना शंभराच्या जागी दर वेळी नव्वदच काढता यायचे. "शनिवारी वर्ग घेऊन येऊ का?" त्यांनी विचारलं. हेडक्लार्क "अवश्य" म्हणाले आणि बसस्टॉपवर पोचेपर्यंत त्यांना आपण काय बोललो ते कळलं नाही.

"आमचं बाथरूम?" वकीलबाई किंचाळल्या. "अख्खा वर्ग आमचं बाथरूम बघणार? बाबा, मला शाळा सोडावी लागेल!"

"आणि तोवर आंघोळी?" पत्नी.

आंघोळी इंजिनिअरसाहेबांकडे ठरल्या. त्यांनी औदार्याने बाथरूम दिलं आणि त्याबरोबर अंदाजपद्धतही. रोज सकाळी हेडक्लार्क खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी घेऊन जिना चढत आणि दाराबाहेर ताटकळत उभे राहून पूल, भार आणि अंदाज यांवर ऐकत. "बारा टाइल्स मोजणं हा पुरावा नव्हे, हेडक्लार्कसाहेब. उद्या पॉइंट तीन सात गुणिले पॉइंट आठ दोन दिलं तर किती टाइल्स फोडाल?" डोक्याला तेल लावलेल्या, पंच्यातल्या माणसाला वाद घालता येत नाही. हेडक्लार्कांनी तो आठवडाभर घातला नाही.

मंगळवारी पहाटे झोपेत जुनी सवय उफाळून आली. ते स्वतःच्याच बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी शॉवर सोडला. जागे झाले तेव्हा त्यांच्या पायांभोवती हिरवं तळं होतं. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते बरोबर खालच्या मजल्यावर राहत आणि दारावरची घंटा नियमाप्रमाणे दोनदाच वाजवत.

"तुमच्या बाथरूममधून माझ्या छताला हिरवा डाग पडलाय."

"हिरवा? म्हणजे ते बारा शतांश," हेडक्लार्क बोलून गेले.

"कितीही असोत. ते माझ्याकडे आहेत."

शनिवारच्या बेताची वार्ता ऐकल्यावर सेक्रेटरींनी खुर्ची मागितली. त्यांच्या मते बाथरूम हा निवासी भाग होता. तिथे शाळा भरली की तो शैक्षणिक भाग होणार. शैक्षणिक भागाला वेगळा जिना लागतो. वेगळा जिना इमारतीला नव्हता. मग दोन तास नियमावली चाळून त्यांनी तोडगा काढला: मुलं जिन्यात रांगेत उभी राहतील, आवाज होणार नाही, खडूने कुठेही काहीही लिहिलं जाणार नाही आणि सेक्रेटरी स्वतः देखरेखीला हजर राहतील. हेडक्लार्कांनी सगळं मान्य केलं. त्यांनी त्या आठवड्यात कुठलीही गोष्ट अमान्य केल्याचं आढळत नाही.

शाळेच्या कार्यालयात मामला अधिक नाजूक होता. वर्ग बाहेर न्यायचा तर यजमानाने क्षेत्रभेटीचा अर्ज करायचा, आणि अर्जात प्रकार लिहायचा: संग्रहालय, कारखाना, बाग किंवा ऐतिहासिक वास्तू. जन्मभर खिडकीच्या आत बसलेल्या हेडक्लार्कांना खिडकीबाहेर उभं राहायची ही पहिलीच वेळ होती. बाहेरून खिडकी फारच लहान दिसते, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"इमारत किती जुनी?" आतल्या कारकुनाने विचारलं.

"सतराअठरा वर्षं."

"मग ऐतिहासिकमध्ये नाही बसत. बाथरूममध्ये काही उत्पादन?"

"नाही हो."

"झाडं वगैरे?"

"एक बादली आहे."

"तुम्हीच सांगा, साहेब, मी कशात टाकू?"

शेवटी अर्जावर 'पाणी व्यवस्थापन प्रकल्प' असं पडलं. हेडक्लार्कांना त्या कारकुनाचं मनोमन कौतुक वाटलं. आपणही हेच केलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी भिंत पुन्हा रंगवली. पत्नी मागे उभ्या होत्या.

"अहो, एक विचारू? हे सगळं तिला कळावं म्हणून चाललंय, की तुम्हाला कळतं हे तिला कळावं म्हणून?"

ब्रश थांबला. एक निळा ओघळ खाली चौथ्या रांगेत उतरला. "ओघळ पुस," हेडक्लार्क स्वतःलाच म्हणाले आणि पुसू लागले.

शनिवारी दहा वाजता वर्ग आला. रांग दुसऱ्या मजल्यापासून खाली फाटकापर्यंत गेली. रांग सांभाळायचं काम वकीलबाईंना देण्यात आलं होतं. बाथरूमपासून जितकं दूर राहता येईल तितकं त्यांना हवंच होतं. बाई मुलांना पाच-पाचच्या तुकड्यांनी आत सोडत होत्या. इंजिनिअरसाहेब आमंत्रण नसताना आधीच आत जाऊन गीझरशेजारी उभे होते. बाथरूम त्यांनी दिलं होतं, त्यामुळे या बाथरूमवरही आपला हक्क आहे असा त्यांचा समज झाला होता.

पहिली तुकडी ठीक पार पडली. हेडक्लार्कांनी पट्टीने रांगा दाखवल्या, मुलांनी हिरव्या टाइल्स मोजल्या, "बारा!" असा गजर झाला. दुसऱ्या तुकडीत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिला भिंतीपेक्षा टॉवेलमध्ये रस होता. तिने तो ओढला.

"काका, ही अर्धी कुणाची?"

"ती धरायची नाही."

"मग ती टाइल नाही?"

"टाइल आहे, पण..."

"धरायची नाही कशी?" इंजिनिअरसाहेबांनी गीझरजवळून तोंड घातलं. "भिंत साडेदहाची आहे? आणि तुम्ही हिला एक म्हणता? हेडक्लार्कसाहेब, असा पूल मी बांधला असता तर तुरुंगात गेलो असतो!"

"तुमचा पूल नाहीये हा! आठवडाभर तुमचा पूल ऐकतोय मी! साबण डोळ्यांत जातो तरी ऐकतोय!"

"मुलांसमोर आवाज नको," इंजिनिअरसाहेब म्हणाले. त्यांनी पाचही मुलांना बाहेर काढलं आणि मोठ्यांचं भांडण मोठ्यांतच राहावं म्हणून दार जोरात लोटलं. आठवडाभराच्या रंगाने आणि पाण्याने दार आणखी फुगलं होतं. ते चौकटीत बाटलीच्या बुचासारखं बसलं. हेडक्लार्कांनी कडी ओढली. कडी हातात आली.

बाहेर पत्नींनी दार ढकललं, बाईंनी ढकललं, सेक्रेटरींनी आधी कोणत्या नियमाखाली ढकलायचं याचा विचार केला आणि मग ढकललं. काही झालं नाही. "सहा महिने सांगतेय," पत्नी दाराला म्हणाल्या. सुताराला निरोप गेला. जिन्यातली रांग वर सरकून दिवाणखान्यात शिरली. भिंत दिसेना म्हणून मागच्या तुकड्या कुरकुरू लागल्या, आणि दात पडलेली मुलगी सगळ्यांना सांगत सुटली की आत एक अर्धी आहे पण ती धरत नाहीत.

हेडक्लार्क उलट्या बादलीवर बसले. इंजिनिअरसाहेब उभे होते, कारण बादली एकच होती. आत ओल्या रंगाचा वास कोंडला होता. आपण अख्ख्या वर्गासमोर, मुलीच्या वर्गासमोर, पॉइंट चारचे झालो आहोत, असं हेडक्लार्कांना वाटलं.

तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"ए, थांबा सगळे. बाई, खडू द्या ना."

"खडू नाही!" हा सेक्रेटरींचा आवाज.

"काका, तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्ही अर्ध्यावर उभे आहात."

खडू फरशीवर घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. हेडक्लार्कांनी दाराला कान लावला. इंजिनिअरसाहेबांनी जरा वर दुसरा कान लावला.

"हे बघा, ही भिंत. चार रांगा म्हणजे भिंतीतला थोडाच भाग ना? आता त्या थोड्यातला पण थोडाच भाग घ्यायचा. सगळा नाही, पॉइंट तीनच. मग वाढेल कसं? कमीच होणार. आणि दोन घरं का, तर ह्या बाजूने दहा भाग केले, एक घर. त्या बाजूने परत दहा केले, अजून एक घर. दहा-दहा शंभर. म्हणून."

"आणि अर्धी?" दात पडलेला आवाज.

"धरायची. बाबा म्हणाले नाही धरायची, पण धरली तरी जमतं, मी केलंय. दहा टाइल्सना एक म्हटलं तर साडेदहा म्हणजे एक पॉइंट शून्य पाच. त्याला पॉइंट तीनने गुणायचं. पॉइंट विसरा. एकशेपाच त्रिक?"

"तीनशे पंधरा!" जिन्यापर्यंत गेलेला कोरस.

"इकडे दोन घरं, तिकडे एक. तीन घरं सोडा. पॉइंट तीन एक पाच. आता मोजून बघा. एका रांगेत साडेदहा, तीन रांगांत..."

"साडेएकतीस," अनपेक्षितपणे सेक्रेटरी म्हणाले.

"शंभरातल्या साडेएकतीस. तेच आलं की नाही?"

आत हेडक्लार्कांनी डोळे पुसले. त्यामुळे निळा ठिपका नाकापर्यंत पसरला.

"मी हेच म्हणत होतो," इंजिनिअरसाहेब पुटपुटले.

"गप्प बसा," हेडक्लार्क प्रेमाने म्हणाले.

 मग तोच दात पडलेला आवाज आला. "मग पॉइंट चारने भागलं तर? अजूनच कमी होणार ना?"

"हो... नाही. थांब हं." खडू पुन्हा फरशीवर घासला. मग दारावर हलकीशी टकटक झाली, अगदी कानाजवळ.

"बाबा?"

"काय गं?"

"पॉइंट चारने भागलं तर वाढतं का? माझ्याकडे वाढतंय. असं का होतं? सांगा ना, मी थांबते इथे."

हेडक्लार्क बादलीवरून उठले. त्यांनी इंजिनिअरसाहेबांकडे पाहिलं. इंजिनिअरसाहेब अंदाज बांधत छताकडे पाहत होते. डाव्या बाजूची भिंत अजून कोरी, पांढरी होती.

शेवटचं कळलं तेव्हा दार उघडलेलं नव्हतं. सुतार जेवायला गेला होता आणि जेवून झाल्यावर बघतो असा त्याचा निरोप होता. फेरचाचणी सोमवारी ठरल्याप्रमाणे होती. बाथरूमच्या वरच्या छोट्या खिडकीतून एक दोरी खाली सोडण्यात आली होती आणि आतून लाल रंगाचा डबा मागवण्यात आला होता.